छातीचा पट्टा

वीरभद्रप्पांनी घड्याळ उलटं करून त्याच्या पोटातला हिरवा दिवा दाखवला आणि ते काउंटरच्या काचेवर दिपालीसमोर सरकवलं.

"तुम्हीच बांधा, ताई. फार घट्ट नको, ढिलंही नको."

दिपालीनं ते डाव्या मनगटावर बांधलं. हिरवा उजेड कातडीवर लुकलुकला. पडद्यावर ठोक्यांचा आकडा यायचा तिथं नुसत्या दोन रेघा दिसत राहिल्या. वीरभद्रप्पांनी चष्मा नाकावर खाली ओढून बघितलं.

"गोंदणामुळं होतंय हे," ते म्हणाले. "दिव्याचा उजेड कातडीखालच्या रक्तापर्यंत पोचावा लागतो. इथं शाईच अडवतीय त्याला."

मनगटाच्या वरच्या बाजूला जाड, काळ्याभोर अक्षरांत 'शहाजी' असं होतं. भोवती पानांची नक्षी. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत मशीनवाल्याला 'अजून मोठं काढ' असं त्यानंच बजावलं होतं आणि सुई लागल्यावर तिनं हात ओढू नये म्हणून तिचं कोपर धरून ठेवलं होतं.

"म्हंजे माजंच नाव आडवं येतंय व्हय?" मागं उभा असलेला शहाजी हसला.

तो हसल्यावर दिपालीही हसली.

सकाळपासून तो खुशीत होता. टेम्पोची खेप त्यानं दुसऱ्याला दिली होती, आईला डोळे दाखवायला नेऊन आणलं होतं आणि मग दोघींना घेऊन नव्या पेठेतल्या या खेळाच्या सामानाच्या दुकानात आला होता. दिपाली पोलीस भरतीची तयारी करत होती. मागच्या महिन्यात मैदानावर पळता पळता तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. डॉक्टरांनी तपासून हृदय चांगलं असल्याचं सांगितलं, पण पळताना ठोके कुठवर चढतात ते बघत जा, म्हणाले. "भारीतलंच घेऊ की," असं शहाजीनं रस्त्यात तीनदा म्हटलं होतं. "आमची फौजदारीन व्हायची हाय." प्रत्येक वेळी दिपालीनं मान डोलावली होती. तो खुशीत असला की तिला जास्त जपून वागावं लागे. रागात असला, तर निदान काय होणार ते ठाऊक असायचं.

"उजव्या हातात बांधून बघते," ती म्हणाली.

"गोळा उजव्यानंच फेकता ना? मग मनगट वाकतं तेव्हा घड्याळ रुततं." वीरभद्रप्पा मागच्या फळीवरून एक खोका काढत होते. तीस वर्षं दुकान चालवलेला माणूस. वस्तू समजावून सांगायला लागले की समोर कोण उभं आहे याचं भान त्यांना राहत नसे. "तुमच्यासाठी हा पट्टा बरा. पळतानाही हा ठोके बरोबर मोजतो. छातीला बांधायचा, कपड्याच्या आतून, कातडीला लागून."

"कुटं?" शहाजीनं विचारलं.

"छातीला. इथं." त्यांनी स्वतःच्या सदऱ्यावरून बोट फिरवलं. "आधी पट्टा थोडा ओला करायचा, म्हणजे नीट चिकटतो." मग दिपालीकडं एक नजर टाकून, जशी कुठल्याही गिऱ्हाइकाकडं टाकत तशीच, ते म्हणाले, "घेराच्या मानानं मधला बसेल बहुतेक तुम्हाला."

दारापाशी स्टुलावर बसलेली तानाबाई, शहाजीची आई, एकदम सावध झाली. डाव्या कानानं तिला ऐकू येत नसे. नवऱ्याच्या हयातीत तो कान गेला होता. पण हे तिनं ऐकलं.

"तुला रं काय ठावं तिचा घेर?" शहाजी म्हणाला.

"तसं नव्हे हो. मी मापाचं म्हणत..."

पुढचं त्यांना बोलता आलं नाही. शहाजीनं काउंटरवरून हात घालून त्यांची कॉलर धरली आणि त्यांना पुढं ओढून थोबाडीत मारली. चष्मा उडाला. खोके खाली आले. दुसऱ्या फटक्याला वीरभद्रप्पा फळीवर आदळून काउंटरमागं खाली बसले.

मग तो दिपालीकडं वळला.

"आन् तू? दात काढतीस?"

ती हसली नव्हती. उलट्या हाताचा फटका ओठावर बसला आणि तोंडात रक्ताची चव आली. त्यानं वेणी मनगटाभोवती गुंडाळली आणि तिचं डोकं काचेवर आपटलं. काच तडकली. दिपालीनं नेहमीप्रमाणं केलं. जीभ दातांमागं घेतली, श्वास धरला, अंग सैल सोडलं. केसांनंतर पाठ. पाठीनंतर तो दमायचा. तेवढं निभवायचं होतं.

"शाज्या, सोड तिला! आरं, सोड पोरीला!"

तानाबाईनं मागून त्याचा शर्ट धरला होता. मागं न बघताच त्यानं कोपर मारलं. म्हातारी डंबेलच्या लोखंडी मांडणीवर गेली आणि तिथून फरशीवर. कपाळ मांडणीवर आपटल्याचा आवाज दिपालीला काचेवर गाल टेकलेल्या अवस्थेत ऐकू आला. हीच म्हातारी दर वेळी रात्री उठून तिच्या सुजेला ऊन हळद लावायची.

वेणीला हिसडा बसला तशी दिपाली वळली. मैदानावर गोळाफेक शिकवताना सर सांगायचे, जोर हातात नसतो, टाचेतून कंबरेत येऊ दे, मग सोड. तिनं तसंच सोडलं. तळहाताचा मनगटाकडचा भाग शहाजीच्या नाकावर खालून बसला आणि काहीतरी मोडलं. तो मागं जाऊन धपकन बसला. चेहऱ्यावर रागही नव्हता. नुसतं नवल होतं.

तिनं पुन्हा मारलं. तो आडवा झाला. ती त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसली आणि मारत राहिली, तोंडावर, कानावर, हात आडवे आले तर हातांवर.

"दिपे, बास... बास की गं..."

ते तिला स्वच्छ ऐकू आलं. ऐकून तिनं आणखी मारलं. अंग हलकं झालं होतं. पळताना शेवटच्या वळणावर छाती मोकळी होऊन पाय आपोआप पडायला लागतात, तसं चाललं होतं. तिला बरं वाटत होतं.

"ब्याड ब्याड, अव्वा! नको, ताई!" कानडी-मराठीत ओरडत, चष्म्याशिवाय चाचपडत आलेल्या वीरभद्रप्पांनी तिला मागून कवेत धरून ओढलं. "मरंल तो! सोडा!"

ती उठली. शेजारच्या दुकानांतली माणसं पायरीवर जमली होती. शहाजी रांगत दारापर्यंत गेला आणि उंबऱ्याला टेकून बसला. शर्टाचा पुढचा भाग लाल झाला होता. तो रडत होता, आणि दिपालीकडं बघायचं टाळत होता. कोणी म्हणालं पोलिसांना बोलवा, कोणी म्हणालं घरचा मामला आहे. शेवटी दोघा-तिघांनी त्याला उचलून रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं.

"फोन मीच करतो," वीरभद्रप्पा म्हणाले. त्यांचा गाल सुजला होता. "सुरुवात त्यानं केली. जे बघितलं ते सांगणार मी." गल्ल्यापासचा स्वच्छ नॅपकिन आणि पाण्याची बाटली त्यांनी दिपालीला दिली. "आजींचं बघा आधी." मग शटर अर्धं ओढून घेऊन ते फोन लावायला बाहेर गेले.

दुकानात दोघीच उरल्या. तानाबाई मांडणीला टेकून बसली होती. भुवईच्या वर कातडी फाटली होती आणि रक्त डोळ्यात उतरत होतं. दिपालीनं नॅपकिन भिजवला, पिळला. ती म्हातारीसमोर उकिडवी बसली.

"आत्या, बघू," ती म्हणाली आणि जखमेकडं हात नेला.

तानाबाईचा हात झटकन वर गेला. कोपर तोंडावर आडवं आलं, मान भिंतीकडं वळली, डोळे गच्च मिटले. दुसऱ्या हातानं तिनं चांगला कान झाकून घेतला.

"नगं," ती म्हणाली. "नगं, चुकलं माजं. चुकलं."

दिपालीचा हात होता तिथंच थांबला. ओल्या नॅपकिनातून पाणी फरशीवर गळत होतं.

"आत्या, मी हाय. दिपाली."

कोपर खाली आलं नाही.

दिपालीनं नॅपकिन म्हातारीच्या मांडीवर अलगद ठेवला. मग बसल्या बसल्याच ती मागं सरकली, आणखी मागं, काउंटरला पाठ लागेपर्यंत. बाहेर वीरभद्रप्पा कुणाला तरी दुकानाचा पत्ता सांगत होते. तिनं दोन्ही हात उताणे करून फरशीवर ठेवले, म्हातारीनं डोळे उघडले की लगेच दिसतील असे, आणि ती वाट बघत बसली.