बोंदरेबाईंची नाव

भिलाईतल्या माणसाने साठीच्या उंबरठ्यावर बोलिव्हियात जाऊन वल्हं मारावं, असं कुणाच्या पत्रिकेत लिहिलेलं नसतं. विजयाबाई बोंदरेंच्याही नव्हतं. हा सगळा घोळ अपेक्षाने केला. अपेक्षा म्हणजे त्यांची एकुलती लेक, बंगळुरूला नोकरीला. बाबा, म्हणजे नरहरीराव, पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधून रिटायर झाले तेव्हा तिने फोन केला आणि आईला विचारलं, "आई, तुले काय पायजे?" रिटायर बाबा झाले आणि विचारलं आईला, हे विजयाबाईंना भारी आवडलं. त्या म्हणाल्या, "मले एकडाव डोंगा पायजे. बस."

आता विदर्भात डोंगा म्हणजे होडी. विजयाबाईंचं माहेर पवनीकडचं, वैनगंगेच्या काठचं. शेत नदीपल्याड, म्हणून लग्न होईपर्यंत रोज बापाचा डबा घेऊन डोंग्यातून जायच्या, वल्हं स्वतःच्या हातात. भिलाईला आल्यापासून चौतीस वर्षं त्यांनी पाणी बघितलं ते नळाचं. पण अपेक्षा पडली भिलाईच्या सेक्टर सहाची पोर, अर्धी हिंदीत वाढलेली. तिने आठ दिवसांत कुरिअरने काचेचा डोंगा पाठवला. भाजी वाढायचा. झाकणासकट.

चूक कळल्यावर पोरीला इतकी लाज वाटली की तिने भरपाई जरा जास्तच केली. साडेबारा हजार फुटांवरचं टिटिकाका सरोवर, त्यात सूर्याचं बेट आणि चंद्राचं बेट, दोन्ही तिकडच्या जुन्या लोकांची देवस्थानं, आणि त्यांच्याभोवती पाच दिवस कायाक.

"कायाक म्हंजे?" नरहरीरावांनी विचारलं.

"डोंगाच हाये. पलास्टिकचा," विजयाबाई म्हणाल्या.

नरहरीराव पाण्याला भ्यायचे, पण हे कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. महिनाभर दिवाणावर बसून त्यांनी फरशी पुसायच्या वायपरने सराव केला. सोबत भाषण चालूच. भाषण चौतीस वर्षं एकच होतं, जेवताना व्हायचं, आणि विजयाबाईंना ते पाठ होतं. "माझ्या सेक्शनचा नियम काय? धोका दिसला त अरे, अबे, भाईसाब नाही. गोंगाटात असं कोनाले ऐकू येते? सरळ नाव घ्यायचं. आन् आपलं नाव ऐकलं का हातातलं काम तिथंच बंद. इचार बादमें."

"हो," विजयाबाई म्हणायच्या आणि पोळी वाढायच्या.

तिथे पोचल्यावर दोन दिवस डोकं धरून बसण्यात गेले. हवा इतकी विरळ की चपलेचा पट्टा लावला तरी धाप लागायची. तिसऱ्या दिवशी वाटाड्या आला, मार्सेलिनो नावाचा हसरा माणूस. सोबत तीन जर्मन मास्तर, आणि मागून कोणी थकलं-भागलं तर ओढून न्यायला एक मोटरबोट. दोघांच्या कायाकमध्ये नरहरीराव पुढे बसले, कारण पुढे बसतो तो इनचार्ज, असं त्यांनी परस्पर ठरवलं. पायाने दिशा देण्याचं काम मागच्याकडे असतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही. विजयाबाईंनी तर मुळीच नाही.

मार्सेलिनोच्या यादीत अपेक्षाने नुसतं 'मदर' आणि 'फादर' लिहिलं होतं. त्याने विजयाबाईंना मोडक्या इंग्रजीत विचारलं, यांचं नाव काय?

इथे बाईंची पंचाईत झाली. नवऱ्याचं नुसतं नाव त्यांच्या तोंडून कधी निघालंच नव्हतं. हळदीकुंकवाला उखाण्यात घ्यायच्या, पण तिथे आधी यमक असतं आणि शेवटी 'राव' असतं, त्यामुळे नाव कसं व्यवस्थित झाकून जातं. म्हटलं हेच सांगतील आपलं, म्हणून त्यांनी हाक मारली, "अहो!"

मार्सेलिनो पोट धरून हसायला लागला. त्यांच्या स्पॅनिशमध्ये 'आहो' म्हणजे लसूण. ज्या बाईने नवऱ्याचं नाव लसूण ठेवलं तिच्यासमोर त्याने टोपी काढली, आणि मास्तरांनाही सांगून टाकलं. झालं. फोटो काढायचा, अहो. साखर द्या, अहो. चौघं बाप्ये दिवसभर नरहरीरावांना अहो-अहो करत होते, आणि बायकोने हाक मारावी तशा प्रेमाने करत होते.

"चार जनं मले अहो म्हनून राहिले," नरहरीराव रात्रीच्या जेवणाला म्हणाले. "भिलाईत एकच होती."

पण मिलमध्ये मुरलेला कान तो. नको तो आवाज बाहेर ठेवायची त्याला सवय. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत 'अहो' हा शब्द त्यांना ऐकू येणंच बंद झालं, विजयाबाईंच्या तोंडचासुद्धा. सूर्याच्या बेटाशी खडक आले. बाई मागून "अहो, थांबा, अहो" करत राहिल्या आणि इनचार्जसाहेब प्रॉडक्शन पूर्ण करायचं असल्यासारखे वल्हवत राहिले. कायाक जाऊन एका मास्तराच्या कायाकच्या बरगडीत घुसली.

मार्सेलिनो पहिल्यांदा हसला नाही. उद्या चंद्राच्या बेटाला जायचं, दोन तास उघडं पाणी आहे. तुमची नाव ऐकत नाही. आणखी एकदा असं झालं तर दोर बांधून मोटरबोटीत बसवीन, आणि मग शेवटपर्यंत तिथेच.

"बेस होईल," नरहरीराव म्हणाले. "चाय पीत जाऊ."

विजयाबाईंना रडू आलं. राग तर असा आला की हातातला बटाटा त्यांनी परत ताटात ठेवला. "तुमाले बेस होईल. मी नवव्या वर्षी एकटीनं वैनगंगा पार केली. मंग चौतीस वर्षं तुमच्या मांगं स्कूटरवर बसली, बसमधी बसली, रेल्वेत बसली. मले आता कोनाच्या मांगं बसून नाही जायाचं. वल्हं मारून जायाचं हाये."

नरहरीराव हळूच म्हणाले, "मंग आवाज देत जाय नं बरोबर."

"देऊनच राहिली आहो मी."

सकाळी पाणी काचेसारखं होतं. तासभर सगळं सुरळीत चाललं. चंद्राचं बेट समोर लांबोडकं पसरलेलं, आणि जुन्या काळी तिथे नुसत्या बायका राहायच्या हे ऐकल्यापासून बाईंना तिथे पोचायची भलतीच घाई. तेवढ्यात डावीकडून प्रवाशांची मोठी लाँच गेली आणि तिच्या लाटा निघाल्या. लाट आली की वल्हं थांबवायचं आणि कायाकचं नाक लाटेकडे करायचं, हे मार्सेलिनोने शंभरदा सांगितलं होतं. त्याने शिट्टी फुंकली. चौघंही ओरडले, "अहो! अहो!" नरहरीराव खाली मान घालून वल्हवतच होते, आणि त्यांचं वल्हं नाव वळू देईना. मोटरबोटीवरच्या माणसाने दोराचं वेटोळं उचललं.

विजयाबाईंनी लाट बघितली. दोर बघितला. दोन्हींत त्यांना दोराची जास्त भीती वाटली.

"नरहरी."

त्या ओरडल्यासुद्धा नाहीत. पण पुढचे दोन्ही हात जागच्या जागी थांबले, मिलमध्ये थांबत तसे. बाईंनी डावा पाय दाबला, वल्ह्याचा एक सणसणीत फटका मारला, नाक फिरलं, आणि लाट कायाकच्या पोटाखालून मुकाट्याने निघून गेली. मोटरबोटवाल्याने दोर खाली ठेवला.

नरहरीरावांनी मागे वळून बघितलं नाही. पण त्यांचे कान लालबुंद झालेले बाईंना मागून स्पष्ट दिसत होते.

"कोन बोललं?" वल्हं तसंच धरून त्यांनी विचारलं.

"मिलमधून आवाज आला असंल. वल्हवा आता."

चंद्राच्या बेटावर विजयाबाई स्वतःच्या वल्ह्याने पोचल्या. उतरून ओंजळभर पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि मनसोक्त रडल्या. नरहरीराव शेजारी येऊन उभे राहिले, बूट ओले करत.

"आनखी एकडाव म्हन नं."

"धोका दिसला का म्हनीन," बाई म्हणाल्या.

जानेवारीत भिलाईला घरी हळदीकुंकू झालं. महिला मंडळाच्या रत्नमालाताई परंपरेप्रमाणे म्हणाल्या, "विजयाताई, नाव घ्या."

"तिकडं घेतली नं."

"घेतली काय? घेतलं म्हना. चौतीस वर्षं भिलाईत राहून मराठी पार बिघडलं बाई तुमचं."

"दोन्ही. घेतली ते बी नाव, घेतलं ते बी नाव," विजयाबाई म्हणाल्या.

बायकांना काही कळलं नाही. स्वयंपाकघरात नरहरीराव काचेच्या डोंग्यात मटारची उसळ काढत होते, बशांचा खणखणाट चालू होता, आणि धोका तर कुठेच नव्हता. बाईंनी पदर सारखा केला आणि बायकांच्या देखत आत आवाज दिला.

"नरहरी, तो डोंगा आना इकडं."

आतला खणखणाट जागच्या जागी थांबला.