सत्तरीचं कार्ड

नवरी नवऱ्याहून मोठी नको, म्हणून बापानं लग्नात माझ्या वयाची तीन वर्षं खाल्ली. तेव्हापासून मी खरं वय पोटात ठेवलं, पुढे आधार कार्ड आलं तेपण ट्रंकेत दडवलं. आज कापडे गावच्या कार्ड-शिबिरात ते काढून द्यावंच लागलं, आणि आशाताई ते बघून सगळ्यांदेखत ओरडली, "तुळसाकाकू, तुम्हाला सत्तर पूर्ण झाली! सरकारी योजनेतल्या दवाखान्यात वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार फुकट, हप्ता नाय. काकांना अजून दोन वर्षं थांबायला लागेल."

मेलीनं अब्रूच काढली! मी मान खाली घातली.

नवरा हसला. "बरं झालं गो. तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा प्रश्न सुटला."

"राग नाय आला?"

"सासऱ्यांनी हळदीलाच सांगितलं होतं मला."

"मग बोलला का नाय?"

"मला मोठा भासवायला थोडंतरी ऐकत होतीस. तेपण गेलं असतं."