मधे मधे बोलणारी बाई

चिंगीला काम लागलं तेव्हा घरात सगळ्यात आधी बाबांचा प्रश्न आला, "म्हणजे करायचं काय नेमकं?" इतिहास घेऊन ही पोरगी काय दिवे लावणार, ही त्यांची दोन वर्षांची काळजी. तिच्या विद्यापीठात एक सत्र वर्गात बसायचं आणि एक सत्र बाहेर कुठेतरी काम करायचं अशी पद्धत होती. को-ऑप म्हणायचे त्याला. इंजिनियरिंगची पोरं मोठमोठ्या कंपन्यांत जायची, आणि कला शाखेच्या वाट्याला उरलंसुरलं. चिंगीच्या वाट्याला शहराच्या दफ्तरखान्याचं तळघर आलं. चार महिने तिथे बसून जुन्या मुलाखती साफ करायच्या.

"साफ म्हणजे? फडक्याने?" बाबा म्हणाले.

"कानाने," चिंगी म्हणाली. आई खो खो हसली, बाबा मात्र पेपरात तोंड घालून बसले.

तळघरात दोन टेबलं, दोन संगणक, एक लोखंडी कपाट आणि फीतकाका. तीस वर्षं ध्वनिफिती सांभाळल्या म्हणून अख्खी इमारत त्यांना फीतकाका म्हणायची. माणूस भला, पण बोलण्याच्या बाबतीत महाकंजूष. सकाळी आल्यावर "आलीस?" आणि संध्याकाळी "निघालीस?", झाला दिवसभराचा संवाद.

वीस वर्षांपूर्वी शहराबाहेरचा काच कारखाना बंद पडला, तेव्हा दफ्तरखान्याने चाळीस म्हाताऱ्या कामगारांना बोलतं केलं होतं. त्या फिती काकांनी मागेच संगणकावर उतरवून घेतल्या. पुढे फितींना बुरशी लागली आणि त्या फेकून द्याव्या लागल्या. आता त्या मुलाखतींचं प्रदर्शन भरायचं होतं. वरच्या मजल्यावरच्या प्रमुख बाई गेल्याच वर्षी इथे आलेल्या. त्यांनी चिंगीला स्वच्छ सांगितलं, "लोकांना कामगारांचा आवाज ऐकायचाय. खोकणं, खुर्च्यांची करकर, मुलाखत घेणारीचे प्रश्न, सगळं काढून टाक."

आणि काकांनी पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला. त्यांच्या मानाने ते भाषणच होतं. "आधी नक्कल काढायची. कात्री चालवायची ती नकलेवर. मूळ प्रतीला हात लावायचा नाही, ती काचेची आहे समज."

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ती शेवटपर्यंत दडवून तुम्हाला चकवण्याची मला काडीची हौस नाही. त्या चाळीस मुलाखतींत प्रश्न विचारणारी बाई म्हणजे फीतकाकांची बायको. दोघं मिळून कामगारांच्या घरी जायची. ती बोलायची, हे यंत्र धरून बसायचे. सहा वर्षांपूर्वी ती गेली. घरी तिचे फोटो ढीगभर, आवाज एक नाही. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज जपले, पण स्वतःच्या घरी कधी यंत्र नेण्याचं सुचलं नाही या माणसाला! "ऑफिसात चाळीस तास आहे की ती," असं मनाशी म्हणत राहायचे. आणि त्या चाळीस तासांतलं एक मिनिटही ती गेल्यापासून त्यांनी ऐकलं नव्हतं. धीरच व्हायचा नाही. कधीतरी होईल, या भरवशावर बसले होते.

चिंगीला यातलं काहीच माहीत नव्हतं. सांगणार कोण?

तिने मात्र कामाला वाहून घेतलं. आठ आठ तास कानांवर हेडफोन. कुणी भट्टीपुढे कसं भाजायचं ते सांगे, कुणी हातातून निसटलेल्या पहिल्या बरणीबद्दल बोले, आणि मधेच ती बाई टपके. "हं... हं... अगंबाई! मग?" म्हातारा जरा रंगात आला की हिचं आपलं "मग?" एकेक "हं" वेचून काढताना चिंगी अगदी मेटाकुटीला यायची.

एकदा ती वैतागून म्हणाली, "काका, ही बाई कोण हो? किती मधे मधे बोलते! श्वास तरी घेते की नाही?"

काका तिच्याकडे बघून चक्क हसले. त्यांना हसताना तिने पहिल्यांदाच पाहिलं.

"बोलायची खरी फार," ते म्हणाले.

तिथेच सांगायचं ना हो, की माझी बायको होती म्हणून! पण नाही. कितीतरी दिवसांनी कुणीतरी तिच्याबद्दल अशी तक्रार केली होती, जिवंत माणसाबद्दल करतात तशी. ते त्यांना इतकं आवडलं, की पुढचं बोलून त्यावर पाणी ओतावंसं वाटलं नाही. मूळ प्रती तर शाबूत होत्याच. चिंगीला वाटलं, काकांनाही ही बाई नकोशीच असणार.

घरी गेल्यावर ती आईला त्या बाईची नक्कल करून दाखवायची. पदर सावरल्यासारखं करून, मान तिरकी करून, "अगंबाई! मग?" आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची आणि म्हणायची, "पुन्हा कर ना गं." बाबासुद्धा पेपराआडून ऐकायचे.

दुसऱ्या महिन्यात काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ते आठवडाभर रजेवर गेले. नेमका तेव्हाच संगणक भरला. नवी नक्कल निघेना. चिंगीने बराच वेळ डोकं खाजवलं. मग तिला आठवलं, काका दर शुक्रवारी सगळं काम दुसऱ्या डिस्कवर चढवतात आणि ती डिस्क कपाटात कुलपात ठेवतात. म्हणजे मूळ प्रती तिथे आहेतच की! मग इथे जागा कशाला अडवायची? ज्या मुलाखती साफ झाल्या होत्या त्यांच्या मूळ प्रती तिने पुसून टाकल्या. लगेच जागा झाली. पुढे ती सवयच पडली. नक्कल काढली, साफ केली, मूळ पुसली. काका परत आल्यावर त्यांना हे सांगण्यासारखं काही आहे, असं तिच्या डोक्यातही आलं नाही. उलट काम झपाट्याने उरकतंय म्हणून प्रमुख बाईंनी कौतुक केलं आणि तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

शुक्रवारी काका डिस्कवर चढवायचे ते कसं, हे तिने कधी विचारलं नव्हतं. डिस्कही काही मोठी नव्हती. आधीचं सगळं पुसायचं आणि संगणकावर त्या दिवशी जे असेल ते नव्याने चढवायचं, अशी त्यांची पद्धत होती. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेला तो माणूस दर शुक्रवारी शांतपणे ते काम करत राहिला.

शेवटच्या आठवड्यात चाळीसही मुलाखती झाल्या. बुधवारी दुपारी डबा खाऊन काकांनी हात पुसले आणि खुर्ची तिच्या टेबलाजवळ ओढली.

"सतरा नंबर लाव. मूळ. बादलीवाला म्हातारा आहे त्यात." त्यांचा आवाज जरा वेगळाच लागला. "म्हटलं, आता ऐकून घ्यावं."

"मूळ इथे नाहीये काका," चिंगी सहज म्हणाली. "जागा नव्हती ना, म्हणून पुसल्या मी. तुमच्या डिस्कवर आहेत की सगळ्या."

काका उठले, कपाट उघडलं, डिस्क जोडली. तार दोनदा चुकली. मग त्यांनी सतरा नंबर लावला आणि हेडफोन न घालता मोठ्याने सुरू केला.

म्हातारा सांगत होता: कामावरचा पहिला दिवस, वयाने मोठ्यांनी चेष्टा केली, 'जा रे, भांडारातून एक बादली वाफ घेऊन ये.' हा निघाला बादली घेऊन. या शेडमधून त्या शेडमध्ये, सगळे गंभीर चेहऱ्याने पुढचा पत्ता सांगतायत. शेवटी भांडारवाल्याने बादलीवर झाकण ठेवलं आणि म्हणाला, 'पळ, निवायच्या आत पोचव.'

आणि लगेच, टाचणीएवढीही जागा न सोडता, 'मग मी तिथे एकतीस वर्षं काढली.'

काकांनी मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावलं.

"इथे हसली होती ती," काका म्हणाले. "इतकी हसली, की मला यंत्र बंद करावं लागलं होतं."

"हो, ती मधे मधे बोलणारी बाई. काढलं मी ते, अगदी शिवणही दिसत नाही..." चिंगी बोलता बोलता थांबली.

"माझी बायको होती ती."

 चाळीस तासांतला एकेक "हं" तिने वेचून काढला होता, डोळ्यांत तेल घालून, एकही निसटू दिला नव्हता.  मग ती एकदम रडायलाच लागली, लहान मुलासारखी, नाक ओढत.

"रडू नकोस गं," काका म्हणाले. "तू इथलं पुसलंस. तिथलं मी पुसलं, दर शुक्रवारी, माझ्याच हातांनी. एकदा तरी ऐकून ठेवायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी तिच्या विद्यापीठाला पाठवायचा अहवाल टेबलावर होता. 'कामात अत्यंत चोख', एवढंच लिहिलेलं.

"काका, खरं लिहा हो. नापास करा मला."

"खरंच लिहिलंय," ते म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

शुक्रवारी, शेवटच्या दिवशी, चिंगी वरच्या मजल्यावरून सतरा नंबरचा, मुलाखत घेतली तेव्हाच टंकून ठेवलेला उतारा घेऊन खाली आली. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. कागदावर सगळे प्रश्न होते. हसण्याच्या जागी कंसात नुसतं 'हशा' लिहिलेलं.

"काका, रागावू नका," ती म्हणाली. "मी घरी त्यांची नक्कल करायचे. चेष्टा म्हणून. आईला हसवायला. फार वाईट वागले मी. पण... त्या कशा बोलायच्या ते माझ्या कानात आहे. अजून आहे."

काकांनी मान खाली घातली. तिला वाटलं, आता हे मला हाकलणार.

"म्हण," ते म्हणाले.

तिने कागद धरला. मान आपोआप तिरकी झाली. "हं... हं... अगंबाई! मग?"

काकांनी डोळे मिटले. "'मग' जरा लांबवायची ती. शेवटी आवाज वर जायचा."

"मऽग?"

"हं. अस्सं."

ती वाचत गेली. म्हाताऱ्याची उत्तरं काका पुटपुटत होते, सगळी पाठ होती त्यांना. बादलीचा किस्सा आला, झाकण आलं, आणि कंसातला तो एक शब्द आला. चिंगीने हसायचा प्रयत्न केला. घशातून भलताच आवाज निघाला, आणि ती थांबली.

"येत नाहीये काका. तेवढं नाही येत मला."

"असू दे."

"रेकॉर्ड करून ठेवू का हे? तुमच्यासाठी?"

"नको गं. तो तुझाच आवाज होईल." त्यांनी डोळे उघडले नाहीत. खुर्ची मात्र थोडी जवळ ओढली. "निघायच्या आधी तेवढं 'मग' पुन्हा एकदा म्हण."