संशयाला जागा नाही

"सोडा म्हटलं ना, सोडा!"

नाक्याच्या अधिकारी मॅडमनी खोलीच्या काचेवर आतून टकटक केलं, तसा शिपायाने नाइलाजाने ट्रकच्या ताडपत्रीवरचा हात काढला. दोन्ही देशांनी करार केला होता: ज्या मालाचे कागद आधीच तपासून झालेत, ती गाडी सीमेवरच्या नाक्यावर अडवायची नाही. संगणकाच्या पडद्यावर हिरवा दिवा लागला, की फाटक वर. पण शिपायांचा जन्म ताडपत्र्या उचलण्यात गेलेला. हिरवा दिवा दिसला तरी त्यांचे हात शिवशिवायचे. सकाळपासून ओरडून ओरडून मॅडमचा घसा बसला होता.

पुढच्या ट्रकला हिरवा दिवा लागला आणि त्या काचेकडे झुकल्या. स्टिअरिंगवर त्यांचे वडील होते.

करार होईपर्यंत बाबांची गाडी इथल्या रांगेत दोन-दोन दिवस अडकायची. मालक शिव्या घालायचा आणि ही लेक मनातून खूश असायची. घरी बाबा कधी टिकलेच नाहीत. लहानपणी जे वाट्याला आले नाहीत, ते तिला या रांगेत मिळाले होते. ड्यूटी संपली की ती केबिनमध्ये चढून बसायची आणि दोघं पोटभर गप्पा मारायची.

बाबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मॅडम, माझी गाडी तपासा. मला माझाच संशय येतोय."

शिपाई खो खो हसले. तिलाही हसू आलं, पण डोळे भरून आले. आज आपल्या माणसासाठी गाडी अडवली, तर उद्या कोणत्या तोंडाने यांना रागावणार?

"काही संशय नाही. निघा, बाबा."

"नीट बघितलंस ना?"

"बघितलं."

तिने फाटक उघडलं. ट्रक पुढे गेला, तेव्हा ती मुद्दाम पडद्याकडेच बघत राहिली.

थोड्याच वेळात फोन वाजला. पलीकडच्या देशाच्या नाक्यावरचे साहेब होते, आवाज ओशाळलेला.

"मॅडम, तुमचा हिरवा दिवा आमच्याकडे दिसतच नाही हो. गाडी दोन फाटकांच्या मध्ये उभी आहे. चिडू नका. जुन्या पद्धतीने शिक्का मारून लगेच सोडू का?"

या जुन्या शिक्क्यावरूनच तिने त्यांना कितीदा तरी फैलावर घेतलं होतं. तिने खिडकीबाहेर पाहिलं. ट्रकचं इंजिन बंद झालं होतं.

"छे, जुन्या पद्धतीने कशाला?" ती म्हणाली. "कराराप्रमाणेच होऊ दे. तुमच्याकडे दिवा दिसेपर्यंत थांबू. सावकाश करा."

फोन ठेवून ती फाटकाखालून वाकून पलीकडे गेली.