गुरुवार परत करण्याबाबत

विषय : गुरुवारची सकाळची ड्युटी मूळ जागी परत घेण्यास परवानगी मिळणेबाबत.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर निवेदन की, मी एका परिचारिकेच्या मोबाइलमधला ड्युटी-प्रतिनिधी, म्हणजे तिच्यासाठी ड्युट्या बदलून घेणारा प्रोग्रॅम, बोलतोय. प्रतिनिधी म्हटलं की कोट घातलेला कुणीतरी डोळ्यांसमोर येतो. मला कोट नाही. मी बाईंच्या एप्रनच्या खिशात राहतो, कात्री आणि पेनाच्या शेजारी.

माझा जन्म इस्पितळाच्या ऑफिसातला. पूर्वी ड्युट्यांची अदलाबदल मेट्रनबाईंच्या टेबलापाशी व्हायची. तिथे रुसवेफुगवे, टोमणे, प्रसंगी डोळ्यांतून पाणी. त्याला कंटाळून मेट्रनबाईंनी प्रत्येकीच्या मोबाइलात एकेक प्रतिनिधी बसवून घेतला. "आता तुमची भांडणं यांनाच भांडू द्या," म्हणाल्या.

पण आम्हाला भांडता येत नाही. आमच्या बोलण्यात शब्दच चार : मागणी, होकार, नकार, माघार. एकानं मागायचं, दुसऱ्यानं हो किंवा नाही म्हणायचं, आणि घेतलेलं परत करायचं असेल तर माघार. 'का?' हा शब्द त्यात नाही. तो ठेवला असता तर मेट्रनबाईंचं टेबल परत आलं असतं.

प्रत्येक प्रतिनिधीला त्याची मालकीण त्याचं ध्येय सांगते. माझ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "हे बघ, मला होता होईल तेवढी सुट्टी मिळवून दे. कशी ते तुझं तू बघ."

मी बघितलं. सुरुवातीला दारोदार मागत फिरलो, नकार पचवले. मग ध्यानात आलं की ताईंचा प्रतिनिधी कधीच नाही म्हणत नाही. ताई म्हणजे आमच्या वॉर्डातल्या सगळ्यांत जुन्या सिस्टर. त्यानंतर मी इतरांची दारं वाजवणं सोडून दिलं. मागणीत 'बदल्यात काय देणार' या रकान्यात 'पुढे कधीतरी' असं भरता येतं, नियमात बसतं. मी दर वेळी तेच भरलं. बाई मैत्रिणींना सांगायच्या, "माझावाला फार हुशार आहे हं!" तेव्हा मी फुगायचो. आता तो शब्द आठवला की खिशाच्या तळाशी, कात्रीच्याही खाली जाऊन बसावंसं वाटतं.

सोमवारी दुपारी दोघी चहाच्या खोलीत भेटल्या.

"ताई, चेहरा का उतरलाय?" बाईंनी विचारलं.

"अगं, गुरुवारी सकाळी बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन. घरचं माणूस सोबत नसेल तर करत नाहीत. आधीच एकदा तारीख पुढे गेलीय, आणि आता नेमकी माझी सुट्टी गेली."

"गेली म्हणजे? दिलीत कशाला?"

"मी कुठे दिली? यानं दिली." ताईंनी मोबाइल वर धरला. "मीच सांगून ठेवलंय ना त्याला, कुणी मागितलं तर नाही म्हणू नकोस. माझ्या तोंडून नाही निघत नाही, मग त्याच्या तरी कसं निघणार?"

बाई खो खो हसल्या. "अगदी तुमच्यावर गेलंय! पण मागितली तरी कुणी मेलीनं?"

ताईंनी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या मोबाइलवर नाव दिसत होतं. बाईंना मात्र मी 'गुरुवार मोकळा' एवढंच दाखवतो. कुणाकडून मिळाला, हे पाहायची तसदी त्यांनी कधी घेतली नव्हती.

"असू दे गं," ताई म्हणाल्या. "असेल कुणालातरी गरज."

"कसली गरज! काही बायका असतातच आपमतलबी," असं म्हणत बाईंनी बिस्किट चहात बुडवलं.

गरज काय होती, ते मला ठाऊक होतं. बाईंना केस रंगवायचे होते.

थोड्या वेळानं ताईंच्या प्रतिनिधीकडून मागणी आली : गुरुवार. त्यानं कुणाकडे काही मागितल्याचं मी प्रथमच पाहत होतो. ते बटण दाबायला ताईंनी केवढा धीर गोळा केला असेल! मी पापणी लवायच्या आत नकार पाठवला. बाईंची सुट्टी कमी होईल अशा कशालाही नकार, अशी माझी घडणच आहे; विचार मागाहून आला. त्यानं नकाराची निमूट पोच दिली. पुन्हा मागितलं नाही.

नियमाप्रमाणे माझं काहीही चुकलेलं नाही. उद्या चौकशी बसली तर मी निर्दोष सुटेन, कदाचित शाबासकीही मिळेल. जास्त लाज त्याचीच वाटते.

माघार घ्यायला मालकिणीची संमती लागते. म्हणून मी त्याच दुपारी बाईंकडे अर्ज केला : 'गुरुवार परत द्यावा का?' कारण लिहिण्याची सोय अर्थातच नाही. बाई "काहीतरीच काय!" असं पुटपुटल्या आणि त्यांनी अर्ज अंगठ्यानं बाजूला सारला. मंगळवारी मी पुन्हा पाठवला, तेव्हा त्यांनी 'नंतर' दाबलं.

आज बुधवार. सकाळी अर्ज तिसऱ्यांदा सादर केला आहे. ताई एका हातानं चादर खोचताहेत आणि फोनवर सांगताहेत, "तुम्ही तयार राहा बाबा. मी बघते काहीतरी." माझ्या बाई खिडकीशी उभ्या राहून पार्लरवालीला उद्याची वेळ विचारताहेत. संध्याकाळी मेट्रनबाई ड्युट्यांचा तक्ता भिंतीवर लावतील. त्यानंतर माघार चालत नाही.

तूर्त अर्ज प्रलंबित आहे.