विहारामागची डीपी

अनसिंगला विहाराच्या मागं जी डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर आहे, तिच्यावर किती घरं, किती कूलर आणि किती गिरण्या चालतात हे देवमन पडघानला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. वीज खात्यात एकतीस वर्षं लाइनमन म्हणून काढलेली. रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी लाइट गेली की लोक आधी त्याला हाक मारायचे आणि मग ऑफिसला फोन लावायचे. तारेवर आकडा टाकून चोरून वीज घेणाऱ्यांना तो अजूनही रस्त्यात अडवून बोलायचा. त्यात त्याला कुणाची भीड वाटायची नाही.

त्याच्या बायकोच्या, रत्नमालाच्या, दोन्ही किडन्या दोन वर्षांपूर्वी निकामी झाल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार असं आठवड्यातून तीनदा वाशिमला डायलिसिस. सकाळी सातची पाळी, चार तास यंत्राला जोडून पडायचं आणि मग परत. पहिलं वर्ष एसटीनं काढलं. परतीच्या वाटेवर रत्नमाला खिडकीच्या दांडीला डोकं टेकून बसायची आणि अनसिंगच्या फाट्यावर उतरताना तिचे पाय लटलट कापायचे. मुलगा संघदीप पुण्यात नोकरीला. एकदा तो आईला घेऊन गेला, एसटीतला तो प्रवास त्यानं डोळ्यांनी पाहिला आणि पुढच्या तीन महिन्यांत बॅटरीवर चालणारी छोटी कार आणून दारात उभी केली. देवमनला गाडी चालवता येत होती; खात्याची जीप त्यानं वर्षानुवर्षं हाकली होती.

गाडीसोबत एक साधी केबल आली होती, घरातल्या पंधरा अँपियरच्या प्लगला लावायची. थंडीत तिनं काम भागलं. फाल्गुनात उन्हाळी भुईमुगाच्या पाण्यासाठी मोटारी सुरू झाल्या आणि व्होल्टेज दीडशेवर उतरलं. सलग तीन रात्री गाडी नीट चार्ज झाली नाही. पडद्यावर बॅटरीचा आकडा कमी दिसत असूनही देवमननं तशीच गाडी काढली, कारण पाळी चुकवायची नव्हती. जाणं झालं. येताना गाव सात किलोमीटरवर असताना गाडी रस्त्याच्या कडेला थांबली ती थांबलीच. बाभळीची सावली कसली, जाळीच ती. रत्नमाला त्या सावलीत रुमाल टाकून बसली आणि दोनदा ओकली. दीड तासानं गावातल्या गुलाबसिंगचा मालवाहू टेम्पो आला. त्यात कांद्याच्या रिकाम्या पोत्यांवर तिला निजवून घरी आणलं. वाटेत ती एकदाही कण्हली नाही. देवमनला मात्र त्या दिवसापासून गाडीच्या पडद्यावरचा आकडा सारखा दिसायला लागला, जेवताना, आंघोळ करताना, विहारात वंदनेला बसल्यावरसुद्धा.

मग घरी भिंतीवर बसवायचा चार्जर घ्यायचं ठरलं. अकोल्याहून उत्कर्ष नावाचा पोरगेला विक्रेता दोन नमुने घेऊन आला. एक छोटा, सव्वातीन किलोवॅटचा. दुसरा मोठा, सव्वासात किलोवॅटचा. छोट्यावर रिकामी गाडी भरायला रात्र जायची, मोठ्यावर चार तासांत काम व्हायचं. उत्कर्षनं अदबीनं समजावलं की खेड्यात लाइटीचा भरवसा नसतो, म्हणून जेवढी असेल तेवढ्यात झटकन भरून घेतलेलं बरं. संघदीपनंही पुण्याहून फोनवर तेच सांगितलं. त्याच्या सोसायटीत सगळ्यांकडे मोठेच होते.

देवमन चार दिवस वही घेऊन बसला. हिशेब अवघड नव्हताच. वाशिमला जाऊन येऊन पंचेचाळीस किलोमीटर, म्हणजे सात युनिट. छोटा चार्जर अडीच-तीन तासांत तेवढी वीज भरतो. कितीही लाइट गेली तरी दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत तीन तास मिळणारच. शिवाय व्होल्टेज थोडं उतरलं तरी हा छोटा डबा चालत राहतो, हे त्यानं पत्रकात दोनदा वाचलं होतं. आणि मोठा घ्यायचा तर मीटरचा लोड वाढवून घ्यावा लागणार. त्यासाठी अर्ज करायचा, मग साहेब पाहणीला येणार, विहारामागची डीपी पाहणार आणि नाही म्हणणार. देवमन स्वतः साहेबाच्या जागी असता तरी नाही म्हणाला असता. त्या डीपीवर आधीच तिच्या पेलण्याबाहेर भार होता.

रत्नमाला खाटेवरून म्हणाली, "छोटाच घ्या. आपल्याले कुठं मुंबईले जाचं हाय?"

त्यानं मोठा घेतला. का घेतला, याचं उत्तर पुढं त्यानं स्वतःला पुष्कळदा विचारलं. वहीत हिशेब बरोबर होता, पण वही मिटली की बाभळीखाली वाकलेली रत्नमाला दिसायची, आणि मग सात युनिट, तीन तास हे सगळं पोकळ वाटायचं. त्याला गाडी लवकर भरलेली पाहायची होती, बस. त्यानं अर्ज केला नाही. उत्कर्षला सांगितलं की लोडचं मी माझ्या माणसांकडून करून घेतो. मग एका दुपारी, वस्ती मजुरीला गेलेली असताना, लाइन बंद असण्याची वेळ साधून तो स्वतः खांबावर चढला, घरात येणारी जुनी सर्व्हिस वायर काढली आणि जाड केबल ओढली. खाली उतरून त्यानं जुनी वायर गुंडाळून माळ्यावर टाकली.

पाच आठवडे सगळं सुरळीत चाललं. देवमन पहाटे चार्जर लावायचा, कारण त्या वेळी भार कमी असतो हे त्याला ठाऊक होतं. एवढी काळजी आपण घेतो, यावर त्याचं मन निवांत होतं.

शेजारी चंदा राहायची. तिचा नवरा ट्रकवर, महिन्यातून दोन दिवस घरी. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती नऊशे ब्रॉयलर कोंबड्या पाळायची. रत्नमालाच्या पाळीच्या दिवशी देवमनच्या घरची चूल चंदाच पेटवायची. डायलिसिसच्या माणसाला मीठ किती, पाणी किती हे तिला देवमनपेक्षा नेमकं माहीत होतं. टमाट्याची भाजी चुकून कुणी आणून दिली तर ती परत पाठवायची.

मे महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी रात्री वादळ झालं आणि लाइट गेली. मंगळवारी पहाटे चार्जिंग झालं नाही. तरी गाडीत पुरेसं होतं. दोघं वाशिमला जाऊन दुपारी एकला परत आले. पडद्यावर बारा टक्के राहिले होते. लाइट आलेली होती. पुढची पाळी गुरुवारी, म्हणजे हातात चांगला दीड दिवस होता. ऊन चव्वेचाळीसच्या वर, घरोघरी कूलर चालू. यापेक्षा वाईट वेळ नाही, हे साऱ्या अनसिंगात देवमनइतकं कुणालाच कळत नव्हतं. पण बारा हा आकडा त्याला बघवेना. पुन्हा लाइट गेली तर? उद्याही आली नाही तर? रत्नमालाला खाटेवर निजवून तो अंगणात आला आणि त्यानं चार्जर लावला.

सव्वादोनला विहाराच्या मागून मोठा आवाज झाला. काळ्या धुराचा लोट उठला, जळालेल्या तेलाचा वास वस्तीभर पसरला आणि सगळे कूलर एकदम बंद पडले.

देवमननं आधी गाडीची केबल काढली आणि गुंडाळून ठेवली. तेवढ्यात चंदाची हाक आली.

शेडमधले पंखे थांबले होते. कोंबड्या पस्तीस दिवसांच्या, दोन-दोन किलोच्या. चार दिवसांनी त्या विकायला टेम्पोत भरायच्या होत्या. असल्या वजनदार पाखराला उन्हाचा एक तासही निभत नाही. चोची उघडून, पंख पसरून त्या धापा टाकत होत्या. मोटार बंद, म्हणून नळीला पाणी नाही. चंदा टाकीतून बादल्या भरून फवारत होती. देवमननं दुसरी बादली घेतली. टाकी संपली तेव्हा त्यानं आपल्या घरचा रांजण आणला, मग विहाराजवळच्या हापशावर गेला. हापशाच्या तीन खेपांत त्याचं धोतर चिंब झालं. चंदा मध्येच म्हणाली, काका, तुमी बसा, तुमाले ऊन लागन. तो थांबला नाही. चार वाजेपर्यंत कोपऱ्यातल्या पाखरांनी माना टाकल्या. पाचला शेडमध्ये आवाजच उरला नाही. नऊशेतली सत्तावन्न वाचली.

संध्याकाळी लाइनमन पवन आला. खांबावर कसं चढायचं ते त्याला देवमननंच शिकवलेलं. पवननं डीपी उघडून पाहिली, आतलं वायंडिंग जळाल्याचं सांगितलं आणि खाली उतरून तारांकडे बघत बघत देवमनच्या घराजवळच्या खांबापाशी थांबला. जाड केबलवर त्याची नजर अडकली. केबलच्या मागोमाग ती भिंतीवरच्या चार्जरच्या पांढऱ्या डब्यापर्यंत गेली. देवमन दारात उभा होता.

"मी काही पाह्यलं नाई, काका," पवन म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी जेसीबीनं खड्डा खणून कोंबड्या पुरल्या. नवी डीपी यायला नऊ दिवस लागले. लोक उन्हाळ्याला, खात्याला, वाढत्या कूलरांना बोल लावत होते. काही जण देवमनकडेच तक्रार घेऊन आले, की तुमची ओळख आहे, जरा लवकर करायला सांगा. तो हो म्हणायचा. त्या नऊ दिवसांत तो गाडी वाशिमच्या सार्वजनिक चार्जरवर भरायचा, आणि यंत्रावरून उठलेली रत्नमाला मागच्या सीटवर तासभर पडून राहायची. आकडा तिथंही वर चढायचा. देवमन त्याकडं पाहायचा नाही.

दहाव्या दिवशी, वाशिमला जाताना, त्यानं तिला सगळं सांगितलं. अर्ज केला नव्हता ते, केबल ओढली ते, त्या दुपारी काही गरज नसताना चार्जर लावला ते. रत्नमालानं आधी एकच विचारलं.

"चंदाले सांगतलं?"

"नाई."

"मंग मले काहून सांगून राह्यले?"

परतल्यावर तो तसाच शेडकडे गेला. चंदा रिकाम्या जमिनीवर चुना टाकत होती. तो दारातच उभा राहून बोलला. डीपी एकट्या तुमच्यानं जळली नाही, असं पवननं म्हटलं असतं कदाचित, पण देवमननं तसली सबब पुढं केली नाही. चंदानं चुन्याचं घमेलं खाली ठेवलं. ती पदरानं हात पुसत राहिली.

"इचारलं असतं तर काका, मी घरचा कूलर, फ्रीज बंद ठेवला असता. तुमच्या गाडीचे घंटे मी वाटून घेतले असते. काकूसाठी कोणी नाई म्हटलं असतं?"

देवमननं चुन्याचं घमेलं उचलायला हात पुढं केला.

"आता जा तुमी," ती म्हणाली.

त्यानंतर ती आली नाही. वस्तीत तिनं कुणाला काही सांगितल्याचंही कधी ऐकू आलं नाही. देवमननं मोठा डबा भिंतीवरून काढला, छोटा मागवून बसवला, जाड केबल उतरवून जुनी वायर लावली. रोज अडीच-तीन तासांत गाडी हवी तेवढी भरायची. पावसाळा लागला, व्होल्टेजही सुधारलं, कशाची म्हणून अडचण राहिली नाही. पाळीच्या दिवशी स्वयंपाक तो स्वतः करायचा. वरणात मीठ कधी जास्त पडायचं, कधी तो घालायलाच विसरायचा. रत्नमालाच्या पायांवर सूज दिसायला लागली. जुलैत चंदानं शेडचे पत्रे विकले आणि घराला कुलूप लावून ती रिठदला भावाकडं राहायला गेली. जाताना रत्नमालाला भेटून गेली म्हणे, देवमन वाशिमला औषधं आणायला गेलेला असताना. दोघी काय बोलल्या ते त्याला कळलं नाही. त्यानं विचारलं तेव्हा रत्नमाला कूस बदलून निजली.

ऑगस्टमध्ये तिनं पहिली शनिवारची पाळी सोडली. अंगात कसकस आहे म्हणाली. मग एक गुरुवार गेला. डॉक्टरांनी देवमनला बाजूला घेऊन खडसावलं, संघदीप दोन दिवस येऊन आईच्या पाया पडून गेला. ती सगळ्यांचं ऐकून घ्यायची, मान हलवायची.

त्या मंगळवारी देवमननं साडेपाचला गाडी दाराशी आणली. मागच्या सीटवर उशी ठेवली, फाइल घेतली, पाण्याची मोजकी बाटली घेतली. आत आला तर रत्नमाला खाटेवर पाय सोडून बसली होती. वेणी घातलेली, लुगडं नेसलेलं. चपला समोर होत्या.

"चाल ना," तो म्हणाला.

"थकली मी. आता नाई येत."

"आजच्या दिवस चाल. मी हळू चालवतो."

"गाडीचं नाई हो काही," ती म्हणाली. "गाडी चांगलीच हाय."

तो तिच्या शेजारी खाटेवर बसला. किती तरी वेळ त्यानं तिचा हात धरून ठेवला, सुया टोचून टोचून निबर झालेला. साडेसहा झाले, सात झाले. आठ वाजता वाशिमहून केंद्रातल्या नर्सचा फोन आला. पेशंट निघाला का, बेड रिकामा ठेवलाय, असं तिनं विचारलं. देवमननं रत्नमालाकडे पाहिलं. ती आडवी होऊन भिंतीकडे तोंड करून निजली होती.

"नाई निघाले," तो म्हणाला. "बेड दुसऱ्या कोणाले देऊन टाका."

नर्सनं गुरुवारचं विचारलं. त्यानं फोन कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडून ती दोनदा हॅलो म्हणाली आणि मग तिनंच फोन बंद केला.