समुद्र आवरला त्या दिवशी

राडका आमच्या गावात आली तेव्हा उन्हाळा सरत आला होता आणि शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. तिचा नवरा वोयतेख देवमाशांचा अभ्यास करायचा. वर्षभराचं काम घेऊन तो चेक देशातून इथं, चिलीच्या दक्षिण टोकाकडच्या पुएर्तो अल्मेहात, बायकापोरांसकट येऊन उतरला. त्यांनी माझ्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. मुलगी योलाना सहा वर्षांची, आणि ओन्द्रा इतका लहान की जिन्याच्या पायऱ्या बसून उतरायचा.

वोयतेख बोटीवर गेला की आठवडा आठवडा यायचा नाही. घरात राहायची राडका आणि दोन पोरं. तिला आमची भाषा अगदीच येत नव्हती असं नाही. पाव, दूध, लाकडं, केवढ्याला, एवढं यायचं. बाकी कुणी काही बोललं की ती मान डोलवायची आणि हसायची. लोकांना वाटायचं, बाईला सगळं कळतं. मला माहीत होतं, तिला निम्मंही कळत नव्हतं.

योलानाचे सुरुवातीला फार हाल झाले. शाळेत कुणाचं बोलणं कळेना, तर ती जाऊन संडासात लपायची. तिच्या वर्गाच्या ग्लेन्दाबाई तिला रोज समजूत घालून बाहेर काढायच्या. इथली मुलं शाळेतल्या बाईंना मावशीच म्हणतात. मलाही पोरं मावशीच म्हणायची, म्हणून राडकाला वाटलं, ही ग्लेन्दा माझी बहीण असणार, आणि महिनाभर ती माझ्याकडे तिच्या घरच्यांची खुशाली विचारत राहिली. पण हिवाळा लागला तोवर योलाना माझ्या कुत्र्याला धक्क्यावरच्या कोळ्यांसारख्या शिव्या घालायला लागली होती. आईला दुकानात काय हवंय ते तीच सांगायची.

राडकाची भीती मात्र गेली नाही. जमीन जराशी हलली, कपाटातल्या कपबशा वाजल्या, की ती दोन्ही पोरांना घेऊन खाली माझ्या स्वयंपाकघरात यायची. आमच्याकडे असं अधूनमधून व्हायचंच. मी कणीक मळत असले तर हात थांबवायची नाही. तिला म्हणायची, हा धक्का काही नाही, हा जाणारा आहे. एकदा तिनं शब्द जुळवत विचारलं, न जाणारा कसा ओळखायचा? मी म्हटलं, उभं राहता आलं नाही की समजायचं, तोच. मी हसले. ती हसली नाही.

तो आला ऑगस्टमध्ये, आमच्याकडच्या हिवाळ्यात, सकाळचा. स्वच्छ ऊन होतं आणि गवतावर दहिवर गोठलं होतं. योलाना शाळेत गेली होती. शाळा खाली, धक्क्याला लागून, मासळीबाजाराच्या शेजारी. वोयतेख बोटीवर होता.

आधी आवाज आला, जमिनीच्या पोटातून. मग चुलीचं धुराडं निखळून पडलं आणि खोलीभर काजळी झाली. मी दाराची चौकट धरली, पण पाय टिकेनात, तेव्हा खाली बसले. मातीची बरणी माझ्यासमोर चालत चालत टेबलाच्या कडेला गेली आणि पडली. थांबेल, आता थांबेल असं म्हणत राहिले, आणि ते थांबेना. मी आयुष्यात पुष्कळ धक्के पाहिले, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे थांबायचंच नाही.

थांबलं तेव्हा राडका ओन्द्राला कडेवर घेऊन जिन्यात उभी होती. तोंड पांढरंफटक पडलं होतं. समुद्र चढणार असला की वाजतो तो भोंगा अजून झाला नव्हता. आमच्याकडे भोंग्याची वाट कुणी बघत नाही. मी शाल ओढली आणि टेकडीकडे हात करून म्हटलं, वर चल. ती म्हणाली, "योलाना."

मी तिचे दोन्ही दंड धरले. सावकाश, एकेक शब्द तोडून सांगितलं: शाळा आपली आपण वर येते. ग्लेन्दा मुलांना घेऊन येते. खाली कुणी जायचं नसतं. खाली जाऊ नकोस. हे सगळं शाळेनं पालकांना बोलावून सांगितलंही होतं, आणि राडका त्या सभेत पहिल्या रांगेत बसली होती.

तिला त्यातलं 'नकोस' तेवढं कळलं. तिनं ओन्द्राला माझ्या हातात कोंबलं आणि उताराला लागली, पायात घरातल्या सपाता, अंगात कोटसुद्धा नाही. रस्त्यानं सगळं गाव वर येत होतं आणि ही एकटी त्यांच्यातून वाट काढत खाली चालली होती. मी हाका मारल्या. दोघातिघांनी तिला अडवायला हात पुढे केले, तिनं ते झटकले.

मी फाटकापाशी उभी होते. तिच्या मागे जावं तर कडेवर पोर. ते पोर घेऊन मी समुद्राकडे कशी जाणार? मी पाठ फिरवली आणि वर चालायला लागले. त्या दिवसात ते सगळ्यांत अवघड होतं.

ओन्द्रा ओरडत होता, माझे केस ओढत होता, त्याच्या भाषेत आईला बोलावत होता. माझे गुडघे आधीच कामातून गेलेले. शेजारचा म्हातारा एलेउतेरियो काठी टेकत बाजूनं चालला होता. तो म्हणाला, "कुणाचं पोर पळवून नेतेयस गं एर्मिंदा? तुझ्यासारखं काही दिसत नाही." मी त्याला म्हटलं, गप चाल, दम पुरव.

वर मैदानात गाव गोळा झालं होतं. सगळे खाडीकडे तोंड करून उभे होते. आमच्याकडे म्हणतात तसा समुद्र आवरला होता, पाणी पार मागे गेलं होतं. धक्क्याच्या खांबांची बुडं उघडी पडली होती. होड्या चिखलात कुशीवर लवंडल्या होत्या. त्यांच्या पलीकडेही चिखलच, काळा आणि चमकणारा. माझ्या जन्मात मी त्या खाडीचा तळ पाहिला नव्हता. कुणीतरी बाई हळू आवाजात प्रार्थना पुटपुटायला लागली, तेवढाच आवाज.

मग शाळेची मुलं आली. चौकड्यांचे एप्रन घातलेली, एका लांब दोरीला धरून, पुढे ग्लेन्दा. लहान मुलं रडत होती, पण दोरी कुणी सोडली नव्हती. आणि त्या दोरीला योलाना होती. मी देवाचे आभार मानणार, तेवढ्यात तिनं ओन्द्राला माझ्या कडेवर पाहिलं. दोरी सोडून ती माझ्याकडे आली.

"एर्मिंदा मावशी, आई कुठाय?"

"येतेय. मागून येतेय."

"मागून म्हणजे कुठून?"

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली शाळेकडे पाहिलं. "ती मला आणायला गेली का?"

मी होकार दिला. तिच्याशी खोटं बोलणं मला जमलं नाही.

पाणी आलं ते लाटेसारखं नाही आलं. सगळा समुद्रच उचलून पुढे सरकल्यासारखा आला. त्यानं होड्या उचलल्या, मासळीबाजाराच्या भिंतीवर घातल्या, मग ती भिंतही घेतली. शाळेचं लाल छप्पर जरा वेळ दिसत राहिलं. मी योलानाचं तोंड माझ्या पोटाशी दाबलं, पण ती जोर करून वळली. तिनं पाहिलं.

त्यानंतर पाणी मागे गेलं, पुन्हा आलं, पुन्हा गेलं. आम्ही तिथंच. फोन लागत नव्हते. जमीन मधूनमधून हलायची आणि मैदानातली सगळी माणसं एकदम खाली बसायची. माझ्या डोक्यात एकच चालू होतं. ही आली नाही तर? बाप कुठल्या समुद्रात आहे माहीत नाही. या पोरांचं जगात दुसरं कोण आहे, त्यांच्या आजीचं नाव काय, मला काही ठाऊक नाही. नऊ-दहा वेळा मी त्यांच्यासोबत जेवले असेन, पण कधी विचारलं नव्हतं. ओन्द्रा एकच शब्द ओरडत होता, "पीती, पीती." बायकांनी पाव दिला, चादर दिली, कुणी बाहुली दिली. त्यानं सगळं फेकलं. शेवटी योलाना म्हणाली, "त्याला पाणी हवंय." तेवढं बोलून ती पुन्हा खाली बघायला लागली.

नोएलिया म्हणून बाई आहे, मनानं वाईट नाही, पण जीभ थांबत नाही. ती शेजारणीला म्हणाली की बिचारी पोरं, परक्या मुलखात येऊन पोरकी झाली. ग्लेन्दा एकदम तिच्यावर वळली. "तोंड आवर. आता पोरीला सगळं कळतं."

योलानाला कळलंच होतं. ती रडली नाही. तिनं ओन्द्राचा बूट सुटला होता तो घातला, नाडी बांधली. मला त्या शांतपणाची फार भीती वाटली, पाण्याहून जास्त.

दुपार कलली तेव्हा मैदानाच्या मागच्या रानातून माणसं येताना दिसली. पुढे नोल्बेर्तो, धक्क्यावरचा बर्फाचा कारखाना चालवणारा, आणि त्याच्या मागे कुणीतरी चिखलानं माखलेलं. सपाता नव्हत्या, पायाला कुणाचीतरी फाडलेली बाही गुंडाळली होती. ती राडका होती. हातात योलानाचं दप्तर होतं.

मी ओन्द्राला पुढे केलं. तिनं त्याला घेतलं, गुडघ्यांवर बसली आणि दुसरा हात योलानाकडे पसरला. योलाना जागची हलली नाही. आमच्या भाषेत, सगळ्या गावासमोर, ती आईला म्हणाली, "तू खाली का गेलीस? खाली जायचं नसतं. सगळ्यांना माहीत आहे." आणि मग तिचा आवाज फुटला, आणि आईच्या गळ्यात पडून ती जे काही बोलली ते त्यांच्या भाषेत होतं.

काय झालं ते राडकानं मला पुढे सांगितलं, थोडं स्वतः, थोडं योलानाच्या तोंडून. शाळा रिकामी होती. दारं उघडी, खुंट्यांवर कोट, बाकांवर अर्धे खाल्लेले पाव. मुलं गेली हे दिसत होतं, पण तिला संडास आठवला. घाबरली की तिची पोर तिथंच लपायची. म्हणून तिनं एकेक दार उघडलं, प्रत्येकात वाकून पाहिलं, हाका मारल्या. नोल्बेर्तोनं तिला खिडकीतून पाहिलं आणि तो ओरडला की समुद्र आवरलाय, आवरलाय. तिला 'आवर' हा शब्द माहीत होता. मीच रोज तिच्या पोरांना म्हणायची, खेळणी आवरा. तिला वाटलं, तो तिला सामान आवरायला सांगतोय. ती योलानाचं दप्तर शोधायला लागली. शेवटी नोल्बेर्तो आत शिरला आणि तिला कमरेला धरून ओढत पलीकडच्या टेकडीवर घेऊन गेला. ओढ्यावरचा पूल वाहून गेल्यानं त्यांना रानातून वळसा घालावा लागला. पाणी आलं तेव्हा त्या टेकडीवरून तिनं शाळा जाताना पाहिली. वर येऊन पोरगी दिसेपर्यंत तिला वाटत होतं, एखादं दार उघडायचं राहिलं असेल.

दुसऱ्या दिवशी वोयतेख आला. खोल पाण्यात त्याच्या बोटीला काहीच जाणवलं नव्हतं. माझं घर उतारावर असल्यानं वाचलं, पण राडका त्यात पुन्हा झोपली नाही. वरच्या दवाखान्याच्या ओसरीत कपड्यांनिशी, बूट घालून, दोन्ही पोरांच्या मनगटांना धरून पडायची. डिसेंबरपर्यंत राहायचं ठरलं होतं. रस्ते सुरू झाले तशी ती पोरांना घेऊन मायदेशी निघाली. योलाना माझ्या कुत्र्याच्या गळ्यात पडून रडली. राडकानं मला मिठी मारली आणि नेहमीसारखी मान डोलवली, पण हसली नाही.

आमच्याकडे वसंत लागला तेव्हा तिचा फोन आला. आता ती माझ्याशी बरंच नीट बोलते, तिथं आमच्या भाषेची शिकवणी लावली आहे म्हणाली. त्यांच्या शहरात समुद्र नाही, जमीन हलत नाही. फोन करायच्या थोडं आधी खालच्या रस्त्यानं एक जड मालट्रक गेला आणि कपाटातले पेले वाजले. योलाना उठली, ओन्द्राचा हात धरला आणि दारातून बाहेर पडली. राडका मागे धावली. घरामागे उद्यान आहे, त्यात एक टेकाड. पोरं त्याच्यावर जाऊन उभी होती. राडकानं त्यांना परत आणायला तोंड उघडलं, आणि मग तीही वर चढली.

"एर्मिंदाबाई, आम्ही अजून इथंच आहोत," ती म्हणाली. फोनमध्ये वाऱ्याचा आवाज येत होता. "खाली कधी जायचं?"

मी म्हटलं, "पोरीला विचार. ती म्हणेल तेव्हा जा."